गिरणीच्या छपरावरचं पीठ

एका डोंगरवाडीत एक होतं तेलावरचं इंजिन, एक होती उन्हावर चालणारी काचपाटी, आणि दोघांची धनीण होती गिरणीवाली कोंडाबाई. फार जुनी गोष्ट नाही ही.

पाटी छपरावर नवी आली तेव्हा इंजिन धास्तावलं, "आता माझं भंगार होणार!" पण आठच दिवसांत पाटी मंदावली. गिरणीचा दगड तिच्याने फिरेना. पुन्हा इंजिनच सुरू करावं लागलं.

"काय गं सूनबाई, दमलीस इतक्यात?" इंजिनाने टोमणा मारला.

"मामंजी, ऊन कडक आहे, पण मला दिसतच नाही हो!" पाटी रडकुंडीला आली. इंजिनाला कारण ठाऊक होतं, पण ते गप्प राहिलं.

मग कुठे दूरदेशी भांडण लागलं आणि इकडे पंपावर तेल येईना. कोंडाबाई दोन कोस जाऊन रिकामा डबा घेऊन परतली. गिरणी बंद. घरात जोंधळा होता, पीठ नव्हतं. धाकटी लेक कच्चे दाणेच चावायला लागली, तेव्हा इंजिनाला राहवेना.

"बाई, छपरावर चढ आणि पदराने पाटीचं तोंड पूस. गिरणीतलं पीठ उडून बसलंय त्यावर, मला ठाऊक होतं."

कोंडाबाईने पुसलं मात्र, गिरणी घरघरली.

पाटी म्हणाली, "मामंजी, तुम्ही कुठे जाऊ नका. आभाळ भरलं की माझं काही चालत नाही."

इंजिनाने सुटकेचा श्वास सोडला. धुराशिवायचा त्याचा तो पहिलाच श्वास.

कोंडाबाईची पायपीट टळली, आणि लेकरांच्या पंगतीत बसून तीही गरम भाकरी खाऊ लागली.