रंगशाळेतली पंगत

"रंगशाळेत बाहेरचं माणूस? पाऊल टाकू देणार नाही!" राजे झुंजारराव गरजले. आपल्या लाल रंगाची कृती चोरीला जाईल, या धास्तीनं त्यांनी रंगशाळेच्या साऱ्या खिडक्या विटांनी बुजवल्या होत्या. आत उकळत्या कढयांपाशी चाळीस रंगारी घामानं निथळत, आणि रोज एखादा भोवळ येऊन आडवा होई. रंगाऱ्यांची पंच गोदाक्का मात्र दारातून हटेना.

"माझ्या माणसांशी बोलल्याशिवाय त्यांचं गाऱ्हाणं मांडू कशी, सरकार? पंचाचा हक्कच आहे तो!"

हक्क हा शब्द ऐकला की राजांना उचकी लागे. पाणी पिऊन ते म्हणाले, "बरं! उद्या दुपारी जेवणाच्या वेळी ये. पण पंगतीत वाढण्यापुरतंच बोलायचं. तू, रंगारी, आमचे चाकर, सगळ्यांनी! तुझा किंवा तुझ्या रंगाऱ्यांचा एक शब्द वावगा निघाला, की तुझं पंचपद गेलं. आम्ही स्वतः पाटावर बसून ऐकू."

रंगशाळेचा दरोगा गणोजी मिशीतल्या मिशीत हसला. गोदाक्का विचार करत घरी निघाली. वाढता वाढता गाऱ्हाणं विचारायचं कसं?

दुसऱ्या दिवशी रंगशाळेत, कढयांच्या शेजारीच पंगत बसली. राजे मानाच्या पाटावर, अंगात जरीचा अंगरखा. गोदाक्का पदर खोचून भाताची परात घेऊन आली.

"भिवादादा, भात हवा?"

म्हाताऱ्या भिवानं तिच्याकडे पाहिलं, बुजवलेल्या खिडकीकडे पाहिलं आणि पानावर हात आडवा धरला. "भात नको, आक्का. हवा!"

गोदाक्काचे डोळे लकाकले. ती पुढे सरकली. "वरण?"

"वरण नको. हवा!"

"लाडू तरी?"

"लाडू नको. हवा! भरपूर हवा!"

बघता बघता पंगतभर एकच गलका. हवा! हवा! हवा!

"सरकार, लबाडी!" गणोजी ओरडला. "हे खिडक्या उघडा म्हणताहेत!"

"अगंबाई!" गोदाक्कानं परात खाली ठेवली. "आम्ही हवं-नको एवढंच बोललो. खिडक्यांचं नाव पहिल्यांदा कुणी काढलं, सरकार? वावगा शब्द कुणाचा?"

गणोजीचा चेहरा त्या लाल रंगासारखा झाला. इकडे राजांचा जरीचा अंगरखा पाठीला चिकटला होता आणि कपाळावरचा घाम ओघळून थेट वरणात पडत होता.

गोदाक्का वाकून अदबीनं म्हणाली, "सरकारांना काय वाढू?"

"हवा!" राजे धापा टाकत म्हणाले.

"थोडी, की पोटभर?"

राजे आधी खोकले, मग असे खदखदून हसले की पाट हलला. "पोटभर वाढ, बाई! आणि आजपासून रोज दुपारी आत ये, तुझ्या माणसांशी मनात येईल ते बोल. तुला कुणी अडवणार नाही. गणोजी, बघतोस काय? पहार आण आणि विटा काढायला लाग!"