अंगणातली दुसरी चूल

एका गावात सुगंधा नावाची एक सून होती. बाई कामाला वाघ, पण एकदा नाही म्हणाली की नाहीच. तिची आठ वर्षांची लेक रेवू. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, की गव्हातलं ग्लुटेन या पोरीच्या आतड्याला बाधतं, कणभरही पोटात जाता कामा नये.

सुगंधाची सासू गोदाक्का. तिच्या हातचं तळलेलं चिकन गावात नावाजलेलं. दर आखाडात सगळी भावकी ते खायला अंगणात जमे. गेल्या वर्षी गोदाक्काने डॉक्टरांचं ऐकलं, गव्हाचं पीठ टाळलं आणि रेवूला रवा लावलेलं चिकन वाढलं. आता बोला! रवा काय झाडाला लागतो? तोही गव्हाचाच! पोर आठ दिवस अंथरुणातून उठली नाही. तेव्हापासून तिला पंगतीत बसवतच नसत. ती कोपऱ्यात दहीभात खायची आणि सगळ्यांच्या ताटांकडे बघत राहायची. सुगंधाच्या जिवाला ते फार लागलं होतं.

यंदा तिने तांदूळ धुऊन वाळवले. गिरणीत आधीच्या दळणाचा गहू मिसळतो, म्हणून घरच्या जात्यावर दळले. कोंबडीला दही, आलं-लसूण, हळद, तिखट चोळून मुरत ठेवलं. मग नवी कढई, नवं तेल, नवा झारा घेऊन तिने भर अंगणात दुसरी चूल मांडली.

झालं! भावकीत कुजबुज सुरू झाली. एका अंगणात दोन चुली म्हणजे घर फुटलं, असंच त्या गावात मानत. नवरा आभाळाकडे बघत बसला. ती त्याची जुनी सवय. गोदाक्काला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती रवा लावलेला तुकडा घेऊन सुनेच्या कढईशी आली आणि हळूच म्हणाली, "एवढा एक तुझ्या तेलात सोडू दे. लोकांना आपण एक दिसू तरी."

सुगंधाने कढईवर हात आडवा धरला. तेल तडतडून मनगटावर उडालं, तरी तिने हात काढला नाही.

"आत्याबाई, घर माझ्या चुलीने फुटत नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आपली पोर कोपऱ्यात जेवते, तेव्हा ते फुटतं. आज ती पंगतीत बसणार. ज्याला बघवत नसेल त्याने उठून जावं."

कुणी उठलं नाही. रेवू पंगतीच्या मधोमध बसली आणि तिने पहिला कुरकुरीत घास तोडला. गोदाक्का बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग तिने हातातला तुकडा बाजूला ठेवला, हात चोळून चोळून धुतले आणि नातीच्या शेजारी येऊन बसली.

"मलाही हिच्याच कढईतलं वाढा," ती म्हणाली. "मीठ कमी असलं तर मात्र मी बोलणार."

तात्पर्य: आपल्या माणसाला जे बाधतं ते त्याच्या ताटात पडू न देणं हा हट्ट नव्हे, त्यासाठी चारचौघांत वाईटपणा घ्यावा लागला, तर तो खुशाल घ्यावा.