निम्म्या तारेचं रोगण

तांबटाची सगुणा महाराजांच्या झोपाळ्याला झोका देत उभी होती आणि तिच्या डोळ्यांदेखत महाराजांनी तिच्या बापाला हद्दपारीची शिक्षा सुनावली. सगुणाचा हात थांबला नाही. थांबला असता तर तिचीही रवानगी बापाबरोबर वेशीबाहेर झाली असती, कारण कुंभेरी संस्थानात काम अर्धवट टाकण्याइतका मोठा गुन्हा दुसरा नव्हता. राजवाड्यात भिंतीवर तशी पाटीच होती: ‘अर्धवट कामाला पूर्ण शिक्षा.’ मागच्या वर्षी दाढी करता करता न्हाव्याला शिंक येता येता राहिली, तर महाराजांनी आधी तपकीर देऊन शिंक पूर्ण करवून घेतली, मग दाढी आणि मग दंड.

दामोबा तांबटाचा गुन्हा असा. उद्या दसऱ्याचा दरबार, शेजारचे राजेसाहेब येणार. त्यांच्यापुढे मिरवायला महाराजांना विजेवर फिरणारं यंत्र हवं होतं. दामोबाने ते केलं. रोगण चढवलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्याची दोन टोकं दोन तांब्याच्या खुंट्यांवर टेकवलेली, खाली लोहचुंबक, शेजारी बॅटरी आणि टोकाला एक कागदी भिरभिरं. खुंट्यांना वीज जोडायची, बोटाने एक टिचकी मारायची, की भिरभिरं गरगर फिरायचं! सकाळी ते झकास फिरत होतं. मग महाराजांनी भिंग मागवलं.

“हे काय? टोकांवरचं रोगण एकाच अंगाने खरवडलंय! दुसरं अंग तसंच! कामचोर!”

त्यांनी लगेच दिवाण नारोपंतांना कामाला लावलं आणि दोन्ही टोकं चहूबाजूंनी लखलखीत घासून घेतली. तेव्हापासून यंत्र फिरेना. टिचकी मारली की वेटोळं नंदीबैलासारखी मान हलवायचं आणि गप्प बसायचं.

“सरकार, ते निम्मं ठेवलं होतं म्हणूनच तर...” दामोबा हात जोडून म्हणाला.

“बस्स! सूर्यास्तापर्यंत हे फिरलं नाही तर चंबूगबाळं उचलायचं आणि हद्द सोडायची. आणि खबरदार! तारेवर अर्धवट काही दिसलं तर सूर्यास्ताचीही वाट बघणार नाही.”

सूर्य बुरुजाला टेकत आला होता. सगुणाच्या बापाची, आबांची, साठी उलटलेली. या वयात परक्या गावात ते ऐरण कुठे मांडणार आणि ओळख कुणाला सांगणार? तिला रडू येत होतं. पण रडायचं तर ते पूर्ण करावं लागलं असतं आणि तेवढा वेळ नव्हता.

तिने दोन्ही तळवे झोपाळ्याच्या पाठीला लावले आणि ते काढलेच नाहीत.

झोपाळा पुढे गेला, मागे आला, तिच्या हातांवर आपटला, कुरकुरला आणि थांबला.

“सगुणे, झोका का थांबला?”

“कोण जाणे, सरकार! मी तर ढकलतेच आहे.”

“जोर कमी पडत असेल,” नारोपंत म्हणाले.

सगुणाने जोर वाढवला. महाराज पुढेच तिरके होऊन राहिले. पगडी नाकावर आली.

“अगं, हात काढ की!”

“कसा काढू, सरकार? इतके दिवस मी एकदा ढकलायची आणि झोपाळा मागे येईपर्यंत हात बांधून उभी राहायची. निम्मा वेळ नुसती उभी! आज पाटी नीट वाचली आणि लाज वाटली. आता अर्धवट काम नाही.”

“अगं बये, झोपाळा मागे येताना ढकललंस तर तो अडणारच! पुढे जाताना ढकल, मागे येताना गप्प उभी राहा!”

“म्हणजे निम्मा वेळ काहीच करायचं नाही?”

“काहीच नाही!”

“हा सरकारी हुकूम समजू?”

“हुकूम! हुकूम! आधी मला सरळ कर!”

“दिवाणजी, लिहून घ्या,” सगुणा म्हणाली. नारोपंतांनी लिहून घेतलं.

तिने महाराजांना सरळ केलं, बापाच्या पिशवीतून लाखेची कांडी काढली, समईवर धरली आणि वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना एकाच अंगाने लाखेचा लेप दिला. दुसरं अंग उघडं ठेवलं.

“पुन्हा अर्धवट!” महाराज गरजले.

“नाही, सरकार. आपल्या हुकमाची अंमलबजावणी! तारेत वीज आली की हे वेटोळंच चुंबक होतं. खालचा चुंबक त्याला ढकलतो, म्हणून ते अर्धा फेरा फिरतं. पण मग ते उलटं होतं आणि तोच धक्का त्याला माघारी लोटतो. आत्ता माझे हात आपल्याला अडवत होते ना, अगदी तसा! म्हणून आबांनी निम्म्या अंगाला रोगण ठेवलं होतं. रोगण खुंटीवर आलं की वीज बंद, धक्का बंद, वेटोळं आपल्याच वेगात उरलेला फेरा काढतं. उघडं तांबं खुंटीला लागलं की पुन्हा धक्का.”

“फिरलं नाही तर?”

“तर दोघांनाही हाकला.”

तिने टिचकी मारली. भिरभिरं गरगरलं. त्याच्या वाऱ्याने समईची ज्योत वाकली आणि नारोपंतांचा कागद उडाला. दामोबाने डोळे पुसले. महाराजांनी भिरभिऱ्याकडे बघितलं. मग झोपाळ्याकडे बघितलं, मग पुन्हा भिरभिऱ्याकडे.

“हं,” ते म्हणाले. “निम्म्यातही काम असतं म्हणायचं! ठीक आहे. दामोबा, तुझी निम्मी शिक्षा माफ.”

सगुणाने भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं, मग महाराजांकडे.

“सरकार, माफी अर्धवट?”

महाराजांचं पोट हललं, मग झोपाळा, आणि मग ते असे खदखदून हसले की पगडी खाली पडली!

“पूर्ण माफ! पूर्ण! वर सोन्याचं कडं दामोबाला, पैठणी तुला! आणि नारोपंत, आता सूर्यास्तापर्यंत झोका तुम्ही द्यायचा.”

“पूर्ण वेळ, सरकार?” नारोपंतांनी बाह्या सरसावत विचारलं.

“निम्मा!” महाराज ओरडले आणि त्यांनी झोपाळ्याच्या कड्या घट्ट धरल्या.