बुजवलेली बिळं

फार जुनी गोष्ट. एका रानात साप चावून हरिणीचं पाडस मेलं. हरणांनी सगळी बिळं बुजवायचं ठरवलं. म्हातारा गवा म्हणाला, "आधी साऱ्या रानाला विचारा."

हुप्प्या वानर भरदुपारी हिंडला आणि भेटेल त्याला विचारत गेला. मोर, भेकरं, खारी, सगळे म्हणाले, "बुजवा." मग बिळांच्या तोंडांवर दगड लोटले गेले.

दुसऱ्या दिवशी दगडांआडून नखं घासल्याचा आवाज आला. गव्याने विचारलं, "हुप्प्या, साळिंदरांना विचारलं होतंस?"

"दुपारी ती बिळात झोपलेली असतात. मला भेटलीच नाहीत."

सगळ्यांनी घाईघाईने दगड हटवले. साळिंदराची मादी धडपडत बाहेर आली. तिची पिल्लं आली नाहीत. हुप्प्या तिच्यासमोर उभा राहिला. आता तिला काय विचारावं, ते त्याला सुचेना.