पाटील स्वतः पट्टी मागायला निघतो

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाला एक हौशी पाटील होता. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या शेतातली पेंढी उचलणं त्याला ठाऊक नव्हतं, कुणाला वाकडं बोलणं तर नाहीच. त्याला फक्त गाव नटवायची हौस होती, आणि ही हौस तो स्वतःच्या कणगीतून भागवत नसे.

गावाची रीत अशी, की सुगी झाली म्हणजे प्रत्येक घराने गावाच्या कामासाठी थोडी ज्वारी द्यायची. तिला पट्टी म्हणत. आधी पट्ट्या दोनच होत्या. एक तळ्याची, म्हणजे उन्हाळ्यात तळ्यातला गाळ उपसणाऱ्यांना मजुरी म्हणून. दुसरी राखणीची, गस्त घालणाऱ्या जागल्यासाठी. लोक हसतमुखाने देत.

मग पाटलाने वेशीवर कमान बांधली, तिची पट्टी आली. कमानीवर नगारा बसला, तो वाजवायला माणूस आला, त्याची पट्टी आली. पंचांना बैठकीसाठी शामियाना हवासा वाटू लागला. पट्ट्या इतक्या झाल्या, की त्या गोळा करायला दोन शिपाई नेमले आणि त्या शिपायांसाठी आणखी एक पट्टी बसवली. पट्टी गोळा करण्याची पट्टी. तुम्हाला हसू येईल, पण देणाऱ्यांना येत नव्हतं. आणि एवढं करून तळ्याच्या वाट्याला काही उरेना, त्यामुळे गाळ तसाच साचत राहिला.

पाटलाला यातलं काही दिसत नसे. तो दवंडी पिटवायचा आणि ओसरीवर निवांत बसायचा. कोठारात ज्वारी किती आली हे त्याला कळे, पण ती कुठल्या घरातून कशी निघाली हे कळायला तो तिथे असायचाच कुठे?

एका वर्षी सुगीनंतर दवंडी झाली, की पलीकडच्या वेशीलाही कमान होणार, तिची पट्टी तयार ठेवा. दुसऱ्या दिवशी गावातल्या एकुलत्या एका लोहाराने भाता, ऐरण आणि भांडीकुंडी गाडीवर चढवली.

पाटील धावतच आला. "अरे, कुठे निघालास?"

"पल्याडच्या गावी, पाटील. तिथं दोनच पट्ट्या हाईत."

पाटलाने मनातल्या मनात हिशेब केला. लोहार गेला तर नांगराच्या फाळांना धार कोण लावणार, गाडीच्या चाकांना लोखंडी धावा कोण चढवणार? तो हळूच म्हणाला, "तुझी पट्टी माफ. कुणाला सांगू नकोस, पण जाऊ नकोस."

लोहाराची बायको गाडीवर बसली होती. ती म्हणाली, "आमची माफ केली तर ती शेजाऱ्यांवर बसंल. मग आमी त्यांना तोंड कसं दावायचं? त्यापरास एक करा. औंदा दवंडी नको आन् शिपाई बी नकोत. तुमी सोता दारोदार जा, कंची पट्टी कशापायी ते सांगा आन् मागा. समद्यांनी दिली तर आमी बी देऊ आन् हितंच ऱ्हाऊ."

"एवढंच ना?" पाटील खूश झाला. गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. लोहाराने बैल सोडले, सामान मात्र गाडीवरच ठेवलं.

पाटील टोपली घेऊन निघाला. पहिलं घर एका शेतकऱ्याचं होतं. तळ्याची पट्टी मागितली, तर त्याने मागणं पुरं व्हायच्या आत मापटं भरून आणलं. "तळ्याला कोण न्हाई म्हणंल? पर पाटील, औंदा तरी गाळ निघंल का?"

पाटील खाकरला आणि घाईने कमानीकडे वळला.

शेतकऱ्याने विचारलं, "हाये त्या कमानीतनं गाडी जाईना झाली का?"

"जाते की. पण पलीकडून येणाऱ्या पाहुण्यांना बरं वाटेल."

शेतकऱ्याने पाटलाची भीड पडून तीही ज्वारी दिली. पाटलाला मात्र आपलंच उत्तर कानाला कसंतरी लागलं. पुढच्या घरी शिपायांची पट्टी मागितली तर घरधनीण म्हणाली, "मागाया तुमी आलात, मग शिपाई काय करत्यात?" पाटील तशीच टोपली उचलून पुढे निघाला. त्यापुढच्या घरांत तो तळ्याचं मोठ्याने सांगू लागला आणि कमानीचं पुटपुटत.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहत होती. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. दारात पाटील बघून म्हातारीला कोण आनंद झाला. तिने घोंगडी अंथरली, पाणी दिलं. तळ्याची आणि राखणीची ज्वारी आनंदाने दिली. मग पाटलाने मान खाली घालून कमानीची पट्टी सांगितली.

म्हातारीने काहीच विचारलं नाही. ती आत गेली, उतरंडीतलं सगळ्यात वरचं मडकं घेऊन आली आणि म्हणाली, "लेकीच्या बाळंतपणाला येवढी बाजूला ठिवली व्हती. घे बाबा. तू सोता मागाया आलास, म्हंजी गरज बी तशीच आसंल."

तिने मडकं तिरकं केलं. पाटील गप्प राहिला असता तर टोपली भरली असती, बाकीच्या घरांनीही भिडेने दिलं असतं, कमान झाली असती आणि शब्द दिल्याप्रमाणे लोहारही थांबला असता. म्हातारीने शिव्या दिल्या असत्या तर पाटलाने तिची समजूत काढली असती. पण तिने त्याच्यावर विश्वास ठेवला होता. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

त्याने मडकं दोन्ही हातांनी धरलं. "आजी, थांब. कमानीची गरज नाही. ती माझी हौस आहे."

म्हातारीने मडकं सरळ केलं. मग म्हणाली, "मग तुज्या घरची दे की." आणि मडकं घेऊन आत गेली.

पाटील आल्या वाटेने परतला आणि ज्या घरांतून कमानीची ज्वारी घेतली होती, तिथे परत करून आला. नगारा उतरला, शामियाना गुंडाळला गेला. कमानीचं काम मिळणार म्हणून खूश असलेला पाटलाचा मेव्हणा बरेच दिवस गाल फुगवून बसला. नगारेवाला आणि शिपाई तळ्यावर गाळ उपसायला गेले. सुरुवातीला कुरकुरले, पण पाटील स्वतः पाट्या उचलतोय म्हटल्यावर बोलणार काय? लोहाराने गाडीवरचं सामान उतरवलं आणि सगळ्यात आधी फावडी घडवली. त्या पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं.

तेव्हापासून गावाने ठरवलं, की जो पंच नवा खर्च सुचवेल, त्याची पट्टी त्यानेच दारोदार जाऊन मागायची.

पुढल्या वर्षी बैठकीत एक पंच उठला आणि म्हणाला, "गावात एक कारंजं हवं."

"चालेल," पाटील म्हणाला. "म्हातारीच्या घरापासून सुरुवात करा. नातू झालाय तिला, घरीच असते."

 पंच घाईने म्हणाला, "तळ्याच्या पायऱ्या ढासळल्यात. आधी त्या करू."

तो पायऱ्यांसाठी मागायला गेला आणि मागितल्यापेक्षा जास्त ज्वारी घेऊन आला.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: देणाऱ्याच्या दारात उभं राहून ज्याचं कारण सांगता येईल, तेवढाच खर्च गावाच्या नावावर करावा.