प्रेनामावशीच्या तोंडातलं पाणी

फार वर्षं झाली, अल्बेनियाच्या डोंगरात एक गाव होतं आणि गावात प्रेनामावशी नावाची सुईण होती. निम्मं गाव तिच्याच हातावर जन्मलेलं. हात हलका, जीभ तिखट.

तेव्हा तिकडं साम्यवाद्यांचं राज्य आलं. आलं ते आलं, वर फर्मान काढलं की देव नाही. बरं, नाही तर नाही. जो नाहीच त्याला एवढं भ्यायचं कशाला? पण सरकारनं चर्चमध्ये मक्याची पोती रचली, पाद्रीबाबांना धरून नेलं आणि क्रूसाची खूण करणाऱ्याला तुरुंग दाखवला.

गावातल्या आयांचा जीव टांगणीला लागला. त्यांची समजूत अशी, की तान्ह्याच्या डोक्यावर तीन ओंजळी पाणी घालून देवाच्या नावानं त्याला नाव दिलं नाही आणि ते दगावलं, तर मेल्यावरही ते आपल्या माणसांत जात नाही, एकटंच भटकत राहतं. आणि तिथल्या थंडीत पोरं दगावायची हो. म्हणून प्रेनामावशी पहिल्या आंघोळीतच तीन ओंजळी घालायची आणि बाप्तिस्म्याचे शब्द पुटपुटायची.

चहाड्या करणारे कुठं नसतात? वरून कुयतिम नावाचा अधिकारी आला. म्हणाला, "आंघोळ घाल. स्वच्छता आम्हालाही हवी. पण यापुढं मी समोर बसणार, आणि आंघोळ संपेपर्यंत तू तोंडात पाण्याची चूळ धरून राहायचं."

त्यानंतरचं पहिलं बाळंतपण द्रांदेचं आलं. दोन दिवस कळा देऊन भर दुपारी तिला मुलगी झाली, सातव्या महिन्यातली, मुठीएवढी. रडेचना. प्रेनामावशीनं चूळ भरली. कुयतिमनं तिच्या ओठांवरची नजर हलवली नाही. तिनं पहिली ओंजळ घातली, दुसरी घातली. मावशीच्या डोळ्यांना धारा लागल्या, पण चूळ सुटली नाही. तिसरी ओंजळ घालताना, जिला मान उचलायचं बळ नव्हतं ती द्रांदे अंथरुणातून स्पष्ट म्हणाली, "रोझा हे तुझं नाव, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं."

असं म्हणतात, की तिच्यामागून खोलीतल्या अकरा बायका बोलल्या, मग चुलीवरचं आधण बोललं, मग भिंती बोलल्या. आणि पोर रडली.

"कोण बोललं?" कुयतिमनं विचारलं.

"मी," द्रांदे म्हणाली. "मी," तिची सासू म्हणाली. असं करत बाराही जणी पुढं आल्या.

एवढ्या बायकांना तुरुंगात टाकून घरोघरच्या चुली विझवणं त्याला जमेना, म्हणून त्यानं सगळा राग एकटीवर काढला. प्रेनामावशीला दूरच्या छावणीत धाडलं. जाताना ती एवढंच म्हणाली, "बायांनो, एकही पोर चुकवू नका." ती परत आली नाही. ते राज्य टिकलं तोवर गावात एकही पोर बिननावाचं राहिलं नाही, असं म्हणतात.

आता ते राज्य गेलं. चर्चमध्ये उघड बाप्तिस्मा होतो. तरी त्या गावात पहिली आंघोळ घालणारी बाई आजही तोंडात चूळ धरते, आणि बाळाचं नाव घेतात ते घरातले बाकीचे सगळे. प्रेनामावशीला कुठं पुरलं ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून आंघोळ झाली, की बाई ती चूळ उंबऱ्याबाहेर सोडते आणि दुसरं काही बोलण्याआधी मोठ्यानं हाक मारते, "प्रेना, घरी ये." ती एकटी भटकू नये म्हणून.