नाव जस्त, झिजणं जास्त

ॲल्युमिनियमच्या होड्या बंदरात नव्यानेच आल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. चंदेरी नावाच्या होडीच्या तळाला जस्ताचा ठोकळा बसवलेला होता. खाऱ्या पाण्यात तो झिजत चालला, तशी ती नाक मुरडू लागली. “शी! नाव जस्त आणि झिजणं जास्त! माझ्या अंगावर एक डाग तरी आहे का?”

नारळी पौर्णिमेला रंग देताना हिराजी तांडेलालाही तो ठोकळा ओंगळ वाटला. त्याने तो काढून वाळूत फेकला. चंदेरी मिरवत पाण्यात उतरली.

दिवाळीपर्यंत तिच्या तळाची चाळण झाली. किनाऱ्यावर ओढून आणल्यावर ती रडू लागली, “मला कुणी रे खाल्लं?”

“समुद्राने,” वाळूतला ठोकळा हसला. “त्याची भूक रोजचीच, बाईसाहेब. इतके दिवस ती माझ्यावर भागत होती.”